नवऱ्याचे डोळे पिवळे, पण रिपोर्ट माझा पॉझिटिव्ह आला

सुईदोरा, सोलापूर

नमस्कार. मी इथं नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पूर्व भागात राहते. शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला आहे. वय ३१, दुसरी खेप, पाचवा महिना चालू आहे. मोठी मुलगी सहा वर्षांची.

आषाढीला आमचे हे कारखान्यातल्या चौघांबरोबर पंढरपूरला जाऊन आले. त्यानंतर महिनाभरानं यांना कणकण यायला लागली. टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी असते, जागरणानं अंग मोडून आलं असेल म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. माझं लक्ष गेलं ते मावा सुटला तेव्हा. लग्नाला आठ वर्षं झाली. त्या माव्यासाठी मी भांडले, सासूबाई रडल्या, पोरीनं पुड्या लपवल्या, कशाचा उपयोग झाला नाही. आणि एका सोमवारी आपणहून म्हणतात, नको, मळमळायलंय. मला इतका आनंद झाला की देवापुढं साखर ठेवली. आता हसू पण येत नाही त्याचं.

दुसऱ्या दिवशी फोडणीचा वास आला आणि तोंडाला हात लावून बाहेर पळाले. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी समोर ठेवली तर ताट सरकवलं. ह्या माणसानं चटणीचं ताट सरकवणं म्हणजे मोठंच काहीतरी. उजव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणायले. मग लघवी. लाज सोडून लिहिते, कोऱ्या चहासारखी झाली. डोळे तेव्हाही पांढरेच होते. पुढं तीन दिवसांनी ताप उतरला, आम्ही म्हटलं सुटलो, आणि त्याच दिवशी शेजारच्या अक्कांनी यांना दारात उन्हाला उभं करून पापणी ओढून बघितली. पिवळेजर्द.

सासूबाई त्याच संध्याकाळी यांना काविळीची माळ घालून आणल्या. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. बिलिरुबिन ९.४, एसजीपीटी (यकृताला किती इजा झाली ते दाखवणारा आकडा) १६४०, आणि एचईव्ही आयजीएम पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले ई ची कावीळ आहे, पाण्यातून होते, विश्रांती घ्या, दारू नको, मनानं कुठली गोळी घेऊ नका. आमच्या गल्लीत अजून तिघांना झालीय. जुलैत खोदकाम झालं तेव्हापासून पाणी आलं की पहिल्या दोन-तीन घागरी गढूळ येतात.

इथपर्यंत मी धीरानं होते. मग डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि कितवा महिना, तपासण्या झाल्यात का, म्हणून विचारलं. झाल्या होत्या की. पंधरा दिवसांपूर्वी रक्त दिलं होतं. हिमोग्लोबिन बघितलं, साखर बघितली, फाईल कपाटात ठेवली. घरी येऊन काढली तर तिसऱ्या पानावर एक ओळ: एचबीएसएजी, रिॲक्टिव्ह.

म्हणजे बी ची कावीळ मला आहे म्हणे. मला! मी रोज आठ तास मशीनवर बसते. जेवण नीट जातं, डोळे चकचकीत, लघवी स्वच्छ, ताप नाही. सासूबाई म्हणायल्यात, "तूच दिलीस त्याला." कालपासून माझा तांब्या वेगळा ठेवलाय.

यांना माझ्यापासून झाली का? मला कुठून आली? लक्षण एकही नसताना रिपोर्ट खरा असतो का? पोटातल्या बाळाचं काय? सिव्हिलला सोमवारी जाणार आहे, तोवर झोप लागेना.

---

लॅबकाका

सुईदोरा ताई, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलं, आता निवृत्त. म्हणून उपचार सांगणार नाही, तुमच्या हातातले कागद काय म्हणतात तेवढं सांगतो.

आधी सासूबाईंचं. त्यांना हा मजकूर वाचून दाखवा. तुमच्या यजमानांची कावीळ ई ची, तुमच्या रिपोर्टमधली बी ची. दोघींचं आडनाव एक, घराणी वेगळी. यकृताला सूज आली की बिलिरुबिन रक्तात साठतं आणि डोळे पिवळे दिसतात, मग सूज कोणत्या विषाणूनं आणली ते डोळ्यांना काय माहीत. या विषाणूंतले ए आणि ई तोंडावाटे जातात: मैल्यातून पाण्यात, पाण्यातून पोटात. बी आणि सी रक्तातून, सुईतून. बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही. बी पासून ई होत नाही. तांब्या वेगळा ठेवायचाच असेल तर पाणी उकळून भरलेला सगळ्यांसाठी ठेवा.

आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाणी बंद असताना पाइपात दाब नसतो. शेजारी गटार असेल आणि पाइपाला चीर असेल तर आतला रिकामा पाइप बाहेरची घाण ओढून घेतो. त्यात प्रत्येक घरातून नळाला मोटर. मोटर काही निवडून ओढत नाही. तुमच्या गल्लीत चौघांना एकदम झाली म्हणजे मला पंढरपूरपेक्षा गल्लीतल्या पाइपावर जास्त संशय आहे. खात्रीनं सांगता येणार नाही, कारण ई दोन आठवड्यांपासून दहा आठवड्यांपर्यंत कधीही उमटते आणि वारी त्या हिशेबात बसते. पण जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात चौघांची नावं आणि तारखा लिहून द्या, पाण्याचा नमुना घ्यायला लावा. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं, विषाणू तिथंच असतो. खळखळ उकळी फुटू द्या, मिनिटभर राहू द्या.

आणि हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, घाबरवायला लिहीत नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं घाण पाणी नळाला गेलं आणि सुमारे २९ हजार लोक पिवळे झाले. जपून ठेवलेलं रक्त पुढं कित्येक वर्षांनी तपासलं तेव्हा कळलं की ती ए नव्हती, आज आपण जिला ई म्हणतो ती होती. तरणा माणूस ई तून बहुधा चार-सहा आठवड्यांत उठतो. गरोदर बाईचं तसं नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ई झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. तुम्ही तेच पाणी प्यायलात. शिवाय यकृतात आधीच बी असेल तर वरून ई नको. म्हणून सोमवारची वाट न बघता उद्याच लिव्हर फंक्शनची (यकृताची) तपासणी करून घ्या, आणि मळमळ, गडद लघवी, अंगाला खाज, फिकट पांढरट शौच यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. यजमानांकडंही लक्ष ठेवा. दिवसा झोप आणि रात्री टक्क जागे, बोलण्यात गोंधळ, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, थांबत नाही अशी उलटी, असं दिसलं तर रिक्षा बोलवा, इथं लिहीत बसू नका.

आता तुमचा रिपोर्ट. लक्षण नसताना खरा असतो का? बहुतेक वेळा असाच असतो. बी चा विषाणू मोठ्या माणसाला झाला तर शंभरातल्या पंचाण्णव जणांच्या अंगातून तो सहा महिन्यांत जातो. जन्मताना झाला तर उलटं, शंभरातल्या नव्वद बाळांत तो मुक्कामालाच राहतो. वीस-तीस वर्षं काही म्हणत नाही. भूक लागते, काम होतं, पोरं होतात. एक रिॲक्टिव्ह आला म्हणून थांबू नका, पुन्हा तपासून खात्री करतील. मग ई अँटिजेन (नावात ई असला तरी हा बी च्याच विषाणूचा भाग, ई च्या काविळीशी संबंध नाही), व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते), सोनोग्राफी.

कुठून आली, हे मी विचारणार होतो. कान टोचणं, गोंदण, दात काढणं, रक्त चढवलं होतं का, लहानपणी गावाकडच्या डॉक्टरांच्या काचेच्या सिरिंज? आणि एक विचारू का, राग मानू नका. आई आहेत का तुमच्या? त्यांची तब्येत कशी?

---

सुईदोरा

काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. तांब्या मात्र आता सगळ्यांचा एकच, पातेलंभर पाणी उकळून गार करत ठेवलंय. गॅस किती जातो त्याचा हिशेब चालू आहे, तो चालायचाच.

गोंदण आहे. चौदा-पंधराची असेन, संक्रांतीच्या गड्डा जत्रेत मैत्रिणीबरोबर मनगटावर काढून घेतलं. एक मशीन, एक सुई, रांग लागलेली. माझ्या आधीच्या बाईचं रक्त फडक्यानं पुसलं आणि लगेच माझा हात धरला. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नव्हतं. इंजेक्शनं तर माहेरी गावात कितीतरी घेतली असतील, स्टोव्हवर पातेल्यात उकळत ठेवलेली काचेची सिरिंज मला अजून आठवते. उकळी कितपत यायची कोण जाणे, डॉक्टरांना पुढच्या गावाची घाई असायची.

आई नाही. २००९ ला गेली, ४६ वर्षांची होती. पोटात पाणी व्हायचं. सुईनं काढायचे, आठ दिवसांत परत पोट नगाऱ्यासारखं. पाय सुजलेले, हात काटक्या. शेवटी रक्ताची उलटी झाली. लिव्हर गेलं म्हणून सांगितलं. माझी आई माळकरी होती, चहासुद्धा जपून प्यायची. पण लिव्हर गेलं म्हटल्यावर भावकीत काय काय बोलले. चोरून पीत असणार, एवढंही बोलले. वडील तेव्हापासून भावकीच्या लग्नांना जात नाहीत.

तुम्ही हे का विचारलंत ते कळलं मला. काल रात्री कळलं.

---

बार्शीचा_न्हावी

ताई, मी बार्शीला सलून चालवतो. मला बी आहे. इतकं उघड पहिल्यांदाच लिहितोय, नाव खोटं आहे म्हणून जमतंय.

२०१२ ला शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिलं. सर्टिफिकेट मिळालं, केळं मिळालं, आठ दिवसांनी फोन आला की येऊन भेटा. गेलो. एका मॅडमनी दार लावून सांगितलं. मला पण तेच वाटलं, रिपोर्ट बदलला असणार. मी तेव्हा तालमीत जायचो ओ, दोनशे जोर मारायचो. लोक हिला पांढरी कावीळ म्हणतात. पांढरी का, ते कुणाला धड सांगता येईना. मी आपला माझ्या मनाशी अर्थ लावलाय: डोळे पांढरेच राहतात म्हणून.

घरात सांगितलं आणि चूक झाली असं तेव्हा वाटलं. ताट वेगळं, टॉवेल वेगळा, पुतण्याला उचलू देईनात. सहा महिने गेले त्यात. मग डॉक्टरांनीच भावाला आणि वहिनीला बोलावून घेतलं आणि सांगितलं की एका ताटात जेवून, मिठी मारून, खोकून हे होत नाही. ब्लेड, दाढीचं सामान, टूथब्रश, नेलकटर तेवढं वेगळं ठेवा. घरच्या सगळ्यांनी लस घ्या, आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. घेतली. पुतण्या आता खांद्यावर बसायच्या वयाचा राहिला नाही.

धंद्याचं एक सांगतो, कारण इथं बरेच गडी वाचतात. ब्लेड सगळेच नवं लावतात आता. पण तुरटीचा खडा? दाढी झाली, बारीक कापलं, रक्त आलं की तोच खडा सगळ्या गालांवरून फिरतो. बी चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहतो हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी दुकानात येऊन पहिला तो खडा फेकला. माझ्या दुकानात तुरटीची पूड आहे, कापसावर घ्यायची आणि कापूस टाकून द्यायचा. गिऱ्हाईक आधी हसायचं.

औषधाचं. आठ-नऊ वर्षं मला गोळी नव्हती. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी, बस. मधे दोन वर्षं कंटाळलो, गेलो नाही. २०२१ ला गेलो तर एसजीपीटी १४० आणि व्हायरल लोड लाखांत. अंगात काहीच जाणवत नव्हतं, एक काडीचं दुखणं नाही. तेव्हापासून टेनोफोविर रोज एक. सरकारी योजनेतून फुकट मिळते, २८ जुलै २०१८ ला हा कार्यक्रम देशभर सुरू झाला, सिव्हिलला विचारा. गोळी मनानं बंद करायची नाही एवढं एकच त्यांनी मला तीनदा बजावलं. बी मुळासकट जात नाही, दाबून ठेवायची. माझ्याबरोबर बाकावर बसायचा त्याला सी होती. त्यानं बारा आठवडे गोळ्या घेतल्या आणि बरा होऊन गेला, मी अजून तिथंच. सी ला लस नाही पण औषध आहे, बी ला लस आहे पण पक्कं औषध नाही. नशीब बघा.

---

श्रद्धा_सबुरी

डॉक्टर लोकांच्या नादी लागून पैसे घालवू नका. काविळीला इंग्रजी औषधच नाही हे डॉक्टर स्वतः मान्य करतात. आमच्या गावात माळ देतात, डोक्यावर ठेवतात, आठ दिवसांत गुडघ्यापर्यंत येते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. हात धुतात तर चुन्याच्या पाण्यात पिवळं उतरतं. नाकात देवडांगरीच्या रसाचे थेंब टाकले की सगळं पिवळं पाणी गळून जातं. बी पण उतरते.

---

लॅबकाका

माळ मीही बघितली आहे, एक विकत घेऊन लॅबमध्ये खुंटीला अडकवली होती. खुंटीला कावीळ नव्हती. तरी आठ दिवसांत वीतभर लांबली. ओल्या काड्या सैल गाठीत बांधतात, काड्या सुकून आकसतात, दोरा सुटत जातो. हात धुण्याआधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळतात, त्याच्यावर चुन्याचं पाणी पडलं की कुणाच्याही हातातून पिवळं उतरतं, माझ्याही उतरलं. आणि नाकात त्या रसानं जे गळतं ते जळलेल्या नाकाचं पाणी आहे. त्यानं रक्तस्राव झालेला रुग्ण मी पाहिला आहे, तो खेळ करू नका.

ए आणि ई आपोआप बरी होते, श्रेय माळेला जातं. चालू द्या. माळेनं कुणी मेलं नाही. पण माळ घालून डोळे पांढरे झाले म्हणजे सुटलो असं समजून बी चा माणूस घरी बसतो, ते मला खुपतं. अहो, त्याचे डोळे मुळात पिवळे नव्हतेच.

काविळीला उसाचा रस पाजायची पण पद्धत आहे. रस वाईट नाही. गाड्यावरचा बर्फ कुठल्या पाण्याचा ते विचारा आधी. तेल-हळद बंद करून माणसाला आठ दिवस साबुदाण्यावर ठेवायचीही गरज नाही, सोसेल ते साधं जेवण द्या.

---

मोहोळची_आशा

सुईदोरा ताई, मी आशा वर्कर आहे, मोहोळ तालुका. बाळाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पोटात असताना सहसा बाळाला होत नाही, होते ती बाळंतपणाच्या वेळी. आणि तेव्हाच अडवता येते. जन्मल्यावर २४ तासांच्या आत बी ची लस, आणि त्याच्याच जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचं (बी विरुद्धच्या तयार अँटिबॉडींचं) इंजेक्शन, ते शक्यतो १२ तासांच्या आत, दुसऱ्या मांडीत. लस सगळीकडं मिळते. इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं आणि प्रत्येक दवाखान्याच्या फ्रिजमध्ये असतंच असं नाही. रात्री दोनला बाळ झालं आणि मग औषध शोधायला पळाले असं मी बघितलंय. म्हणून नववा लागायच्या आत जिथं बाळंत होणार तिथं जाऊन विचारा, आणून ठेवतो म्हणाले तर तारीख लिहून घ्या. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेननं मोठं लिहा. डिलिव्हरीच्या दिवशी कोण ड्युटीवर असेल सांगता येत नाही.

व्हायरल लोड खूप असला, दोन लाखांच्या वर, तर शेवटच्या तीन महिन्यांत आईला गोळी देतात, ते डॉक्टर ठरवतील. पुढं दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट लस (त्यात बी ची पण असते) चुकवू नका, आणि नऊ महिन्यांचं झाल्यावर बाळाचं रक्त तपासून बघतात लस लागली का. अंगावर पाजायला हरकत नाही. हे मी दहा सासवांना सांगितलंय, अकरावीला पण सांगते.

मोठ्या मुलीचं रक्त तपासलं का? पहिल्या वेळी तुमची ही तपासणी झाली होती का?

---

सुईदोरा

आज सिव्हिलला जाऊन आले. आधी चांगलं सांगते. माझा एसजीपीटी २८, ई ची तपासणी निगेटिव्ह. यांचं बिलिरुबिन ३.२ वर आलंय, काल स्वतः मागून भाकरी खाल्ली. मावा अजून नको म्हणतात, मी काही बोलत नाही, नजर लागायची. यांची बी निगेटिव्ह आली, पहिला डोस दंडात घेतला. सासूबाईंनी पण घेतला. "मला पण द्या," असं नर्सला म्हणाल्या, मी सांगितलं नव्हतं.

माझी बी पक्की आहे. ई अँटिजेन निगेटिव्ह, व्हायरल लोडचा रिपोर्ट यायचा आहे.

मोहोळच्या ताई, पहिल्या बाळंतपणाची फाईल काढली. माहेरी, एका छोट्या दवाखान्यात झालं होतं. सगळ्या तपासण्यांची यादी छापलेली आहे, बी च्या पुढं नुसती रेघ. केलीच नव्हती. पोरीचं रक्त घेताना माझे हात इतके कापायले की नर्सनं मला बाहेर बसवलं. पोर रडली नाही, मीच रडले.

---

मोहोळची_आशा

रिपोर्ट आला की लगेच लिहा. वाट बघतेय.

---

सुईदोरा

उशीर झाला, माफ करा. मधे गौरी-गणपती.

पोरगी निगेटिव्ह आहे. लस लागलेली आहे तिला, अँटिबॉडी चांगल्या आहेत. जन्मल्यावर दिलेली लस आणि पुढचे डोस उपयोगी पडले, डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात. माझा लोड १८०० च्या आसपास, म्हणजे कमी. आता गोळी नाही, २८ व्या आठवड्यात परत बघणार. इम्युनोग्लोब्युलिनचं विचारून आले, लाल पेननं लिहिलंय.

गणपतीत माहेरी गेले होते. पितळी भांडी काढायला माळ्यावर चढले तर आईची पत्र्याची ट्रंक दिसली. साड्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचे कागद, वडिलांनी जपून ठेवलेले. त्यांना वाचता येतं पण इंग्रजी येत नाही. २००९ मधला एक पिवळा पडलेला रिपोर्ट, खालून दुसरी ओळ. एचबीएसएजी पॉझिटिव्ह. कुणीतरी निळ्या पेननं त्याला गोल केलेलं आहे. आम्हाला कुणीच काही सांगितलं नाही. सांगितलं असेल तर समजलं नाही. मी तेव्हा शाळेत होते.

वडिलांना ओट्यावर बसून समजावून सांगितलं. हे पाण्याचं नाही, दारूचं नाही, विषाणू होता, तिला तिच्या लहानपणीच झाला असेल, तिला स्वतःलाही माहीत नसेल. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ उलटासुलटा केला. मग विचारलं, "हे चुलत्याला दाखवायचं का?" मी म्हटलं दाखवा. झेरॉक्स काढून आणल्या, पाच.

भावाचं रक्त तिथंच मोहोळला दिलं. तो पॉझिटिव्ह. त्याचा एसजीपीटी ९६ आहे, सोमवारी माझ्याबरोबर सिव्हिलला येणार. तो शेतात राबतो, त्याला पण काहीच होत नाही.

मोठी बहीण पुण्याला असते. दहा दिवस फोनवर म्हणत होती मला काय झालंय, मी ठणठणीत आहे. मी पण अशीच ठणठणीत आहे, एवढंच तिला सांगितलं. काल रात्री तिचा फोन आला, शनिवारी येते म्हणाली, दोन्ही पोरांना घेऊन. सकाळी उपाशीपोटी यायचं का, विचारत होती. काका, याला उपाशी लागत नाही ना?

---

लॅबकाका

नाही लागत. जेवून येऊ दे.